हरणांसाठी नेसलेल्या साड्या

आई गेली तेव्हा मी रडले नाही. भाद्रपदातली दुपार होती. गोठ्यातून बादली घेऊन येताना ती उंबऱ्यावर टेकली आणि तिथेच आडवी झाली. मी नाशिकला ऑफिसात होते. दादाचा फोन आला. ‘आईचं झालं,’ एवढंच म्हणाला. समोर एक माणूस उभा होता, त्याचं काम मी पूर्ण केलं. तो ‘थँक्यू मॅडम’ म्हणाला, मी ‘वेलकम’ म्हटलं आणि मग पर्स उचलली. त्यानंतर कितीतरी महिने मी अशीच होते. कोणी काही म्हटलं की ठरलेलं उत्तर तोंडातून बाहेर पडायचं, आणि आत सगळं सामसूम असायचं.

आमचं शेत येवल्याच्या ईशान्येला आहे. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं दिसतात. आमच्याकडे ती नाहीत, पाणीही बेताचंच. आमच्याकडे हरणं आहेत. काळवीट आणि त्यांच्या माद्या, पण आम्ही सगळ्यांना हरणंच म्हणतो. माळावरून कळपाने येतात, कोवळा हरभरा, मका, जे असेल ते खातात आणि जातात. काही वर्षांपूर्वी सरकारने शेजारचं जंगल हरणांसाठी राखीव केलं आणि रस्त्यावर तसा बोर्ड लावला. ‘राखीव’ शब्द वाचून पारावरच्या एकाने विचारलं होतं, ‘कुणासाठी राखीव? महिला का?’ आई तिथून चालली होती. ती म्हणाली, ‘हरनीच जास्त हायेत, मंग महिलाच म्हनायचं.’ हा विनोद आमच्या गावात अजून चालतो.

शेताच्या मधोमध, वरच्या बांधापासून खाली ओढ्यापर्यंत, हरणांची वाट आहे. खाली पाणवठा आहे, त्यात वनखातं पाणी सोडतं. त्याआधी ओढ्यातच डबकं राहायचं. माझ्या आजोबांच्याही आधीपासून त्या वाटेपुरत्या पट्टीत पेरायचं, पण राखायचं नाही, अशी रीत होती. हरणांनी तिथून पाण्याला जावं, जाताजाता तोंड मारावं आणि बाकीच्या वावराला हात लावू नये. हरणं हा करार अगदी काटेकोर पाळायची असं नाही, पण बऱ्यापैकी पाळायची. त्या पट्टीला घरात ‘सोडलेली’ म्हणतात. ‘सोडलेलीच्या पल्याड पाणी धर,’ असं अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे वडील.

मी नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा गावात माझ्यासाठीही हाच शब्द निघाला. खरं तर मीच त्याला सोडलं होतं. पण आपल्या भाषेत नवरा कधी सोडलेला नसतो, सोडलेली असते ती बाईच. एकदा भावकीतली एक बाई आईसमोर माझ्याबद्दल तसं बोलली, तर आई म्हणाली, ‘आमच्याकडं सोडलेलीत पन पीक येतं बरं का.’ मला हे आईनेच फोन करून सांगितलं होतं, हसत हसत. मी नाशिकला एकटीच राहते, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. आईचा फोन रोज यायचा. ती गेल्यावर अर्थातच यायचा थांबला, आणि त्या वेळेला मी टीव्ही लावायला लागले.

दहाव्याला भावकीतल्या बायकांनी घर धुऊन काढलं. सुतक फिटलं की घरातलं सगळं धुवायचं हा रिवाज आहे. अंथरुणं, पडदे, पिशव्या, स्वच्छ होतं तेही धुतलं. मी आत स्वयंपाकाला होते. आईची रोजची एक साडी दाराजवळच्या खुंटीवर असायची, विटकी जांभळी, पदराला हळदीचा डाग. ती घ्यावी असं माझ्या मनात होतं. नेसायला नव्हे, अशीच, पिशवीत घालून न्यावी म्हणून. बाहेर येऊन बघितलं तर खुंटी रिकामी. हौदाशी भरपूर पावडर टाकून बायका आईच्या सगळ्या साड्या आपटत होत्या, आणि गोठ्याच्या कुडावर एकेक वाळत पडत होती. मला राग यायला हवा होता. नाही आला. मी परत आत गेले आणि भात उतरवला.

तेराव्याला अण्णांनी मला बोलावून कपाटातल्या कोऱ्या साड्यांचा गठ्ठा दिला. आहेरात आलेल्या साड्या त्या. आपल्याकडे अशी साडी सहसा कोणी नेसत नाही, ती एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहते. त्यातली एक मीच कधीतरी कुणाला तरी दिलेली होती, फिरून आमच्या घरी आली होती. ‘ह्या ने,’ अण्णा म्हणाले. ‘जुन्या ऱ्हाऊ दे, त्या वावराला लागतील.’ चांगलं ते लेकीला आणि जुनं ते शेताला, एवढा सरळ हिशोब होता त्यांचा. मला जुनीच हवी होती हे त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मीही बोलले नाही.

जुन्या साड्या शेताला लागतात त्या कुंपणासाठी. आमच्या भागात वावराभोवती बांबू रोवून जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यावर त्या हलतात, रंग दिसतो, हरणं बिचकतात. आई होती तोवर आम्हाला त्याची गरज पडली नाही, कारण आईच राखण करायची. हातात काठी नाही, डबा नाही. ती बांधावरून नुसती फिरत राहायची, मधूनच ‘हाऽऽ’ करायची, आणि हरणं मान वर करून तिच्याकडे बघून सोडलेलीत सरकायची. अण्णांचा गुडघा धरलेला आहे. गोठा, पाणी आणि राखण असं तिन्ही त्यांच्या एकट्याने होणार नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

म्हणून त्याच तेराव्याच्या संध्याकाळी दादाने विषय काढला. दादा ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे. त्याचं काम तपासणीचं, आणि घरीही तो प्रत्येक गोष्ट पास का नापास असंच बघतो. तो म्हणाला, ‘अण्णा, या साली हरभरा पेरा. घरी आला तर राहा इथेच, आम्ही काही बोलणार नाही. नाही आला, तर नाशिकला यायचं.’ नाशिकला म्हणजे माझ्याकडे. दादाच्या क्वार्टरमध्ये जागा नव्हती आणि माझ्याकडे एक खोली रिकामीच होती. शेत शेजाऱ्याला वाट्याने द्यायचं ठरणार होतं. शेजारी चांगला माणूस आहे, पण तो शेती धंद्यासारखी करतो. स्वतःच्या वावराला त्याने तारेचं पक्कं कंपाउंड घातलं आहे आणि मोठं शेततळं केलं आहे, काळ्या प्लास्टिकचं. आमचं शेत हातात आलं की तिथेही तो तार ठोकणार, सोडलेलीसकट, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

अण्णा खाली बघत होते. म्हणाले, ‘बरं.’

मला विचारलं गेलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही. पण खरं सांगते, मला ते यायला हवे होते. त्या रिकाम्या खोलीत कोणीतरी खोकावं, सकाळी मला ‘चहा झाला का’ विचारावं, एवढंच हवं होतं. त्यासाठी हरभरा जायला हवा होता. तेव्हा तेराव्यापासूनच माझी बाजू हरणांची होती.

दिवाळी झाली, हरभरा उगवून वर आला आणि एका रविवारी अण्णांचा फोन आला. अण्णा स्वतःहून फोन करत नाहीत. त्यांना फोनवर ओरडायची सवय आहे, जणू आवाज येवल्याहून नाशिकला चालत जाणार आहे.

‘तू साडी नेसतीस का गं?’

‘कधीमधी. का?’

‘मंग नेस.’

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. त्यांनी वावराभोवती आईच्या साड्या बांधल्या होत्या. दोन-चार दिवस हरणं लांब राहिली, मग खुशाल साड्यांखालून आत शिरून शेंडे खाऊन गेली. अण्णांचं म्हणणं असं, की साडी नुसती हलून भागत नाही, तिला माणसाचा वास लागतो. अंगावरची साडी असली की हरणाला वाटतं इथे कोणीतरी उभं आहे. आणि बायकांनी साड्या धुऊन ठेवल्या होत्या. ‘पार पावडरीचा वास मारतोय,’ अण्णा म्हणाले. ते आठवडे बाजारात मालेगावच्या एका चाचांकडेही जाऊन आले होते. चाचा जुन्या साड्या किलोवर विकतात. अण्णांनी विचारलं, न धुतलेल्या आहेत का. चाचांना वाटलं गिऱ्हाईक संशय घेतंय. ते म्हणाले, ‘भाई, सब धुली हुई, इस्तरी की हुई है. बदबू आई तो वापस ले लूँगा.’ अण्णा तसेच परत आले.

‘तुझ्या आईच्याच हायेत,’ ते म्हणाले. ‘एकेक दिस नेस. धू नको फकस्त. मंग धाडून दे.’

मग म्हणाले, ‘दुसरं कोन नेसनार?’

गाठोडं यष्टीने आलं, कंडक्टरच्या ओळखीने. मी ते स्टँडवरून आणलं, जमिनीवर सोडलं आणि त्यात विटकी जांभळी शोधली. सापडली. पदरावरचा हळदीचा डाग अर्धवट गेला होता. नाकाला लावून बघितली. पावडर. दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांना तोच लिंबाचा वास. मी तिथेच खाली बसून राहिले, आणि वाटलं की आता येईल रडू. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, त्या संपल्या. मग मी उठून खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवसापासून आईच्या साड्या नेसून ऑफिसला जायला लागले. एरवी मी पंजाबी ड्रेसवाली. आईचे ब्लाउज मला होण्यासारखे नव्हते, त्यामुळे कोणत्याही साडीवर कोणताही ब्लाउज. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरची म्हणाली, ‘काय गं, स्थळ बघायला येतंय की काय?’ मी म्हटलं, ‘हरणांसाठी नेसलेय.’ ती हसली, मग माझं तोंड बघून हसायची थांबली. पुढे कोणी विचारलं नाही. आई नुकतीच गेली आहे, हिला जरा सांभाळून घ्या, असं त्यांचं आपापसांत ठरलं असावं.

साडीला वास लागावा म्हणून काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लिफ्ट सोडून जिन्याने चढायला लागले. घरी येऊन त्याच साडीत भाकरी थापायची, फरशी पुसायची, तशीच झोपायची. चारचौघांत उभं राहायला लाज वाटायची, पण थोडीच. सकाळी ती घडी करून पिशवीत टाकायची आणि दुसरी काढायची. वास येत होता तो माझा. आईच्या साडीवर आईचा नाही आणि माझा आहे, हे मला समजत होतं. त्याचं काही वाटत मात्र नव्हतं. शिवाय हे सगळं मी कशासाठी करत होते तर हरभरा वाचावा म्हणून, म्हणजे अण्णा येऊ नयेत म्हणून. कधी कधी पिशवी बांधताना वाटायचं, नको नेसू, धुऊन पाठव, त्यांना काय कळणार. पण मी नेसत राहिले. त्यांनी सांगितलं होतं म्हणून असेल.

साड्या परत गेल्या, अण्णांनी बांधल्या, आणि हरणं खरंच थांबली. अण्णा फोनवर एवढे खुशीत ओरडले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

पौषात एका रविवारला जोडून मी सुट्टी टाकली आणि आदल्या दिवशीच गावी गेले. विंचूरपाशी लासलगावच्या लिलावाला निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांमुळे बस रखडली. पोचले तेव्हा दुपार झाली होती. वावर लांबूनच दिसलं. हिरवागार हरभरा, आणि चारी बाजूंनी आईच्या साड्या. अण्णा मला बांधाबांधाने फिरवत होते. सोडलेलीपाशी आलो तर तिथेही साड्या. वरच्या तोंडाला आणि खालच्याही.

‘अण्णा, वाट बंद केलीत?’

‘औंदा बंद.’

इतक्यात मोटारसायकलवरून वनरक्षक आली. पोरसवदा मुलगी, सुरगाण्याकडची, पण आमच्या भागात सगळे तिला ‘मॅडम’ म्हणतात. तिने साड्या हात लावून बघितल्या. करंट सोडण्यापेक्षा, जाळ्या लावण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं म्हणाली. एका टोकाला गाठ ढिली ठेवा, शिंग अडकलं तर साडी सुटून आली पाहिजे, असं सांगितलं. अण्णांनी ती आधीच ढिली ठेवली होती. मग ती सोडलेलीकडे बघून म्हणाली, ‘अण्णा, वाट तेवढी मोकळी ठेवा. पाण्याला कुठून जातील ती?’

‘फिरून जात्याल,’ अण्णा म्हणाले. ‘औंदा मला दाना न् दाना लागनार हाय, मॅडम. पुढल्या साली उघडतो.’

तिने माझ्याकडे बघितलं. घरातल्या शिकलेल्या मुलीने काही बोलावं अशी तिची अपेक्षा असणार. मी तिला चहाला बोलावलं. ती नको म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोठ्यात होतो तेव्हा शेजाऱ्याची हाक आली. तो त्याच्या शेततळ्याच्या कडेवर उभा राहून हात हलवत होता. अण्णा गुडघा धरत धरत निघाले, मी मागोमाग. तळं निम्मं भरलेलं होतं. कडेच्या उतारावर काळं प्लास्टिक, त्यावर शेवाळ, आणि त्यावर ओरखडेच ओरखडे, खुरांचे. पाण्यात एक हरणी होती, फुगायला लागलेली. तिच्या पलीकडे तिचं पाडस, ते मला आधी गवताचा पेंढा वाटलं.

‘खालच्या अंगाला तार उपटून आल्यात बघा,’ शेजारी म्हणाला. ‘तुमच्याकडून वाट नाय ना आता.’ तो टोचून बोलत नव्हता. त्याच्याच तळ्यात ती मेली होती आणि त्यालाही कसंतरी झालं होतं. दोर टाकून त्याने आणि त्याच्या गड्याने दोघांना वर काढलं. मॅडमना फोन गेला. हरणीचे डोळे उघडे होते आणि पुढच्या पायांची खुरं घासून पांढरी पडली होती.

मी तिथे उभी होते आणि मनात विचार आला तो असा, की आता अण्णा वाट उघडणार. वाट उघडली की कळप आत येणार. इतके दिवस अडवलेला कळप काही पट्टीपुरता थांबणार नाही, हरभरा खाणार, आणि अण्णा माझ्याकडे येणार. मेलेल्या हरणीकडे बघत मी हा विचार केला, आणि मला बरं वाटलं. भाद्रपदानंतर पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

अण्णा तसेच परत फिरले, सोडलेलीच्या वरच्या तोंडाशी गेले आणि साड्या सोडायला लागले. ढिली गाठ झटकन सुटायची, दुसऱ्या टोकाची दातांनी ओढायला लागायची. मी मदतीला गेले.

‘अण्णा, आणि हरभरा?’

‘जाऊ दे.’

‘दादाला काय सांगणार?’

‘काय सांगायचं? जे हाय ते सांगायचं.’ ते खालच्या तोंडाशी गेले, तिथली पहिली गाठ सोडली. मग म्हणाले, ‘माझ्या बानं कंदी बंद नव्हती केली. दुष्काळात पन नाय.’

माघ सरता सरता दादा गाडी घेऊन आला. मला नाशिकहून घेतलं. डिकी मोकळी ठेवली होती, अण्णांचं सामान आणायला. वाटेत तो म्हणाला, गोळ्या-औषधं तू बघ, दवाखान्याचं मी बघतो. मी घरून निघताना त्या खोलीतली इस्त्रीच्या कपड्यांची टोपली काढून तिथे पलंग लावून आले होते. गादीवर नवी चादर घातली होती.

काढणी झाली होती. दादा आधी वावरात गेला. हरणांनी सोडलेली साफ केली होती आणि दोन्ही अंगांना पसरून आणखी बरंच खाल्लं होतं. पण कडेचा हरभरा, साड्यांच्या आतल्या बाजूचा, उभ्याचा उभा निघाला होता. खळ्यावर त्याचा ढीग पडला होता. खूप नव्हता. दादा त्या ढिगाभोवती फिरला, मूठभर दाणे हातात घेऊन बघितले, एक चावला. मला वाटलं, नापास.

अण्णा म्हणाले, ‘बोललो व्हतो तसं करू. तुमी म्हनाल तवा निघू.’

दादाने खळ्यावरून वावराकडे बघितलं. मग म्हणाला, ‘अण्णा, आपलं काय ठरलं होतं? घरी आला तर. किती, ते कुठे ठरलं होतं?’ हातातले दाणे त्याने ढिगावर परत टाकले. ‘आलाय की घरी.’

दादा असं काही बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अण्णांनाही नसावं. ते घाईघाईने, उन्हं आहेत तोवर साड्या काढून घेतो म्हणाले आणि बांधाकडे चालायला लागले. दादा गाडीच्या डिकीत हरभऱ्याचं पोतं टाकायला गेला. मी अण्णांच्या मागे गेले.

साड्या उन्हाने उडाल्या होत्या, कडांना फाटल्या होत्या. नाकाजवळ नेली तर हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेचा आंबटखारट वास. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, अशा आम्ही घड्या घालत होतो. अण्णा खुशीत होते. म्हणाले, ‘एक सांगू का? सांजचं मी गोठ्यातून बघायचो, तर लांबून वाटायचं तू हुभी हायस. तुझी आई नाय, तू. वारा असला की जरा चालल्यागत पन दिसायचीस. मंग भाकर खायला बरं वाटायचं.’

मी घडी घालायची थांबले. सगळा हिवाळा त्यांच्याकडे मी होते. माझ्याकडे टीव्ही होता. मला एकदम राग आला, आणि तो कोणावर होता ते मला सांगता येणार नाही.

‘मला वाटत होतं हरभरा जावा,’ मी म्हणाले.

‘का गं?’

‘तुम्ही आला असता. मी एकटी असते तिथे, अण्णा. मला नाही राहवत एकटीला.’

माझा आवाज फुटला. आई गेल्यापासून जे आलं नव्हतं ते त्या बांधावर आलं, उतरत्या उन्हात, आणि थांबेना. अण्णा साडीचं दुसरं टोक धरून तसेच उभे राहिले. मला जवळ घ्यायची त्यांना सवय नाही.

‘मंग या म्हनायचं की,’ ते म्हणाले. ‘पीक गेलं तर या, असं म्हनालात तुमी. मला वाटलं, ती शिक्षा हाय.’

‘मग आता या.’

त्यांनी सोडलेलीकडे बघितलं. ‘आता नाय जमायचं. मी उठलो की हितं तार लागंल, आन् मंग ती तळ्याकडं जात्याल.’ साडीची शेवटची घडी त्यांनी एकट्यानेच घातली. ‘तवा म्हनाली असतीस तर तेराव्यालाच आलो असतो तुझ्यासंगं. पिशवी भरून ठिवली व्हती मी.’

दादाने खळ्यावरून हाक मारली. उशीर होतोय, निघायचं का, असं तो विचारत होता.